उजवी बाही

“मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून रक्तदाब वाढवणारं हार्मोन जास्त पाझरतंय,” डॉक्टर सकाळी म्हणाले होते. “त्यानं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड होऊन बुजत चालल्यात. गोळ्यांनी पुढचं टळेल, पण बुजलेल्या उघडणार नाहीत.” आईनं ते हसण्यावारी नेलं. “जन्मभर मी लोकांची मापं काढली, आता हे माझं काढतायत,” म्हणत ती घरी येताच लेकीच्या नव्या कोटाची राहिलेली बाही घेऊन बसली. संध्याकाळी तिनं कोट पुढे धरला. लेकीचा डावा हात सरळ बाहेर आला, उजवा मनगटाशी अडला. तुरपाई करताना आईनं दोन्ही पदर एकत्र धरून बाहीचं तोंडच शिवून टाकलं होतं, तेही देखण्या टाक्यांनी. “कुठे आवळतंय का गं?” आईनं चष्म्यावरून बघत विचारलं. लेकीनं आत मूठ मिटली. “नाही आई, अगदी मापात बसलाय.” “मग बटणं लाव की.”