तीन किलोमीटर, सहा भोकं

“पहिलं भोक कुठे, साहेब?” मामाने टेपचं टोक धरून विचारलं.

“एकोणीस मीटर.”

मामा म्हणजे रोलर चालवणारा. वयाने सगळ्यांत थोरला, म्हणून अख्ख्या साइटचा मामा. टेप धरणं काही त्याचं काम नव्हे. पण मुलगा गेल्यावर साहेब पहिल्यांदा कामावर आले, तेव्हा त्यांना टेप धरवेना. मामा रोलरवरून उतरला आणि दुसरं टोक त्याने धरलं. ते आजतागायत तोच धरतो.

साहेब म्हणजे रस्ते तपासणारा. त्याच्या माघारी सगळे त्याला थर्मामीटर म्हणत. डांबराचा ट्रक आला की हा आत थर्मामीटर खुपसून ताप बघणार, जरा थंड निघाला की आल्या पावली परत पाठवणार. ठेकेदाराचा चहासुद्धा घ्यायचा नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि याचं तर सगळंच पोळलं होतं.

मुलगा याच रस्त्यावर गेला होता. सहा वर्षं झाली. तेव्हाही रस्ता नवाच होता. रोलरच्या दहा-बारा फेऱ्या व्हायला हव्यात तिथे तीन-चारच मारल्या होत्या. चार महिन्यांत रस्ता उखडला, खडी सुटी झाली, वळणावर दुचाकी घसरली. तपासणारा दुसराच कुणीतरी होता. त्यानेही सही केलीच होती.

तेव्हापासून घरात या रस्त्याचं नाव काढायची सोय नव्हती. धाकटी मुलगी सात किलोमीटरचा वळसा घालून कॉलेजला जायची, आणि रोज आईला पोचल्याचा फोन करायची. रस्ता उकरून पुन्हा करायचं ठरलं आणि काम नेमकं याच्याकडे आलं, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, “तुम्ही स्वतः बघून सांगितलंत, तरच मी तिला तिकडून सोडीन. कागदावरचं मला काही सांगू नका.”

“दुसरं?”

“एकतीस.”

यंत्राने गोल नळी रस्त्यात उतरवली, पाणी उडालं आणि पेल्याएवढा काळा ठोकळा वर आला. दर अर्ध्या किलोमीटरच्या तुकड्यात, तुकड्याच्या सुरुवातीपासून साहेब सांगेल तेवढे मीटर मोजून, असा एक; तीन किलोमीटरला सहा. शितावरून भाताची परीक्षा. ठोकळे घट्ट, तर रस्ता घट्ट.

भोक कुठे पाडणार हे ठेकेदाराला आधी कळता कामा नये, असा नियम. ऑफिसात त्यासाठी आकड्यांचा तक्ता होता. डोळे मिटायचे, बोट ठेवायचं, येईल तो आकडा घ्यायचा. मुलगा गेल्यानंतर याने एकदा डोळे मिटले, आणि ते उघडावेसेच वाटेनात. मग डोक्यात होते तेच मुलाचे आकडे सांगून टाकले, आणि तेव्हापासून प्रत्येक रस्त्याला तेच. जन्मतारीख. दवाखान्यातल्या खाटेचा नंबर. दहावीचे टक्के. उंची. कॉलेजचा हजेरी क्रमांक. दुचाकीचा नंबर. आकडे त्याचे त्याच्यापाशी. कुणाच्या बापाला ओळखता येणार होते ते?

“सत्त्याऐंशी,” तो म्हणाला. पुढे गेल्यावर, “एकशे बहात्तर.” वाण्याकडे यादी वाचावी तसा तो बोलत होता. पूर्वी हे आकडे उच्चारताना दर वेळी मुलगा डोळ्यांपुढे उभा राहायचा. आता काहीच व्हायचं नाही.

“चेहरा असा का, साहेब?” मामा म्हणाला. “तुम्ही पुढे ट्रकांचा ताप बघत बसता, पण मागे मी असतो की. तुमच्या भोकाने आजवर मला कधी खोटं पाडलंय?”

“नाही.”

“मग झालं तर.”

साइटवरच्या खोलीत त्याने सहाही ठोकळे आधी हवेत तोलले, मग पाण्यात. सत्त्याण्णव टक्के घट्टपणा लागतो. एकही ठोकळा अठ्ठ्याण्णवच्या खाली नव्हता. त्याने आकडेमोड पुन्हा केली. तेच उत्तर आलं. त्याने सही केली आणि बॅरिकेड काढायला सांगितले. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याने पेनाला टोपण लावलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. मामा हातपाय धुवायला गेला होता आणि रोलर कडेला रिकामा उभा होता. आजवर त्यावर चढायची कधी वेळ आली नव्हती. आज सावली हवी होती, म्हणून तो केबिनमध्ये जाऊन बसला आणि घरी फोन लावला.

“झालं?” बायकोने विचारलं.

“झालं.”

“तुम्ही स्वतः बघितलंत?”

“सहाही ठोकळे माझ्या हाताने तोलले.”

“मग सोडू तिला?”

“सोड.”

“अगं, बाबा हो म्हणाले,” तिने आत हाक मारली. “आजपासून त्याच रस्त्याने जा.” फाटक वाजलं, स्कूटर सुरू झाली, आवाज लांब गेला. मग बायको रडायला लागली. इतकं मोकळं रडताना त्याने तिला सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. “निघाली हो,” ती म्हणाली. “तुमचा शब्द म्हणजे मला काळ्या दगडावरची रेघ.”

“हं,” म्हणून त्याने फोन ठेवला आणि मान मागे टेकली.

समोरच्या काचेच्या वर चिकटपट्टीने एक कागद लावला होता. जुना, घडीवर फाटलेला, कडा तेलकट बोटांनी काळ्या झालेल्या. वर लिहिलं होतं, थर्मामीटर. खाली एकाखाली एक: एकोणीस, एकतीस, सत्त्याऐंशी, एकशे बहात्तर, दोनशे त्रेचाळीस, चारशे सहा. प्रत्येकापुढे बारा फेऱ्या. आणि तळाशी, मामाच्या बाळबोध अक्षरात, बाकी रस्ता तीन.