जोडखोली

“तू ऱ्हातीस?” मानसिंगच्या हातातला चहा तसाच राहिला.

“व्हय. त्यात काय एवढं?” लीलाबाई म्हणाली आणि दूध उतू जायच्या आत चुलीकडं पळाली.

मानसिंगला गहिवरून आलं. गावामागच्या डोंगराच्या सपाट माथ्यावर, म्हणजे सड्यावर, त्यानं बनवलेल्या खोलीत पावसाळाभर राहून दाखवायला अख्ख्या गावात एक माणूस मिळत नव्हता. आणि शेवटी पुढं आली ती कोण, तर आजवर कशालाच हूं की चूं न केलेली बायको!

मानसिंग फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत होता. तुकडे आणायचे, बोल्ट आवळायचे, पूल तयार. पेन्शन घेऊन पाटणकडच्या आपल्या गावी आल्यावर त्याच्या डोक्यानं घेतलं, की पुलासारखं घर का जोडू नये? डोंगरात ना रस्ता, ना वीट, ना वाळू. मग त्यानं बांबूच्या दुहेरी तट्ट्यांत उसाचं वाळकं पाचट ठासून भिंती केल्या. एकेक तुकडा एका माणसाला डोक्यावरून नेता येईल एवढाच. झाड तोडायचं नाही, पाया खणायचा नाही; दगडांवर खोली टेकवायची, वर जोडायची, चुन्यामातीचा गिलावा द्यायचा आणि छपराचं पाणी पिंपात धरायचं. हवा खेळती ठेवायची युक्ती त्यानं सासुरवाडीला, तासगावात, बेदाण्याच्या शेडकडं बघून उचलली होती. त्यानं नाव ठेवलं जोडखोली. गाव तिला मानसिंगचं खुराडं म्हणायचं.

जंगलाच्या रखवालदारांसाठी अशा खोल्या हव्यात, म्हणून सांगलीहून एक साहेब येऊन गेले होते. त्यांची अट सरळ होती.

“मानसिंगराव, बनवणाऱ्यानं राहायचं नाही आणि वर फिरकायचंही नाही. तुम्ही ठाकठीक करत बसाल. साध्या माणसाला पावसाळा काढू दे. तो बरी म्हणाला तर ही खोली आमची. त्याच दिवशी आमचा रखवालदार राहायला येईल. पुढं अशा आणखी घेऊ.”

लीलाबाई निघाली त्या दिवशी घरात कल्लोळ झाला. सासू, दोन दीर, दोन जावा, सगळ्यांची मिळून डझनभर पोरं, शिवाय रोजचे आलेगेले. सासूबाई, बनुबाई, उंबऱ्यातच बसल्या.

“आगं, एवढ्या भाकऱ्या कोन थापनार?”

“आत्ती, आता ह्यांच्या अब्रूचा सवाल हाय,” लीलाबाई खाली मान घालून म्हणाली.

मानसिंगला पुन्हा गहिवरून आलं.

सड्यावर हाकेच्या अंतरावर धोंडुबाई धनगरणीचं घर होतं, तेवढाच आधार. मानसिंगचा दोस्त गुंडा अधूनमधून पीठमीठ घेऊन वर जायचा. तो उतरला, की मानसिंग त्याला वाटेतच गाठायचा.

“काय म्हनली रं?”

“काय न्हाई. आरसा मागितलाय.”

“आरसा?” मानसिंगनं डोंगराकडं पाहिलं. बिचारी एकटेपणानं स्वतःच्याच तोंडाशी बोलत असणार.

पुढच्या खेपेला गुंडा म्हणाला, “जाड दोर पायजे म्हनली. आन् मोगऱ्याचं रोप.”

मानसिंगला रोपाचं काही ऐकूच आलं नाही. दोर! म्हणजे छप्पर उडत असणार आणि ही बाई ते बांधून ठेवत असणार. “गड्या, ती रडत-बिडत न्हवती नव्हं?”

“मला तर तसं काय दिसलं न्हाई.”

“दावायची न्हाई ती,” मानसिंग म्हणाला. “लय सोशीक हाय.”

त्या पावसाळ्यात तो निम्मा झाला. खालून ढगात बुडालेला डोंगर बघायचा आणि घास खाली ठेवायचा. चारदा वर पळत सुटावंसं वाटलं; पण साहेबांची अट होती.

पाऊस उघडला आणि साहेब आले. मानसिंग, गुंडा आणि साहेब घामाघूम होऊन सड्यावर पोचले, तर लीलाबाई दारातच उभी. अंगावर जुनं घोंगडं, डोक्याला फडकं, आणि खोकला असा, की साहेबांनीच दोन पावलं मागं घेतली.

“कशी आहे खोली, बाई?”

“काय सांगू, सायेब!” ती खोकत म्हणाली. “वारं सुटलं की भिंती हलत्यात. गळतं तर लय. थंडीनं हाडं गोठली. वैऱ्यावर बी अशी पाळी येऊ नये.”

साहेब आत डोकवायला वाकले, तशी ती आडवी आली. “आत नगा येऊ. भुई निसरडी झालीया, पडशीला.”

साहेबांनी टोपी काढली. “मानसिंगराव, तुमची मेहनत दिसते. पण माणसाला यात ठेवणं पाप आहे. खोली सुटी करा आणि खाली न्या.” आणि ते गुंडाला घेऊन उतरायला लागले.

मानसिंग दगडावर बसला. फौजेत पाण्यात उभं राहून रात्रंदिवस पूल जोडले, तेव्हा एवढा थकला नव्हता. थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले आणि पिशवीतून पाना काढला.

“चल, लीला. माझ्या खुळापायी तुझं लय हाल झालं. बोल्ट सोडतो, घरी जाऊ.”

लीलाबाई वाटेकडं बघत होती. साहेब कारवीच्या जाळीआड दिसेनासे झाले, तसं तिनं घोंगडं काढून पिंपावर टाकलं. खोकला बंद झाला. केसांत मोगरा होता; उघड्या दारातून आत कोरडी भुई, भिंतीवरचा आरसा आणि आढ्याला दोरानं टांगलेला झोपाळा दिसत होता. तिनं नवऱ्याच्या हातातला पाना काढून घेतला.

“बोल्टाला हात लावू नगा! आवं, झ्याक हाय म्हनलं असतं, तर आजच तो रखवालदार आत घुसला असता. सायबाला दुसरी करून द्या. ही माझी हाय.”