कोपरा फाटलेलं कार्ड

"उतारा लिहिणारा एक आणि सांगणारा दुसरा असू शकतो," सुमनताई म्हणाल्या. "सांगणाऱ्याला काय म्हणायचं?"

"निवेदक," मंजुळाबाई म्हणाली.

"कसा ओळखायचा?"

"'मी', 'माझं' आलं की ज्याची गोष्ट त्योच सांगतोय. 'तो', 'त्याचं' आलं की कुनी बाहेरचा."

"अनुमान म्हणजे?"

"लिवलेलं नसतंय, पन खुणांवरनं कळतंय, त्ये."

"आणि ते चुकतं कधी?"

"खुणा कमी पडल्या की."

प्रौढवर्गाच्या शिक्षिका सुमनताई आज मंजुळाबाईच्या घरी उजळणी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी वहीत पेन्सिलीने बरोबरची खूण केली. चौथीची परीक्षा सोमवारी होती. पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात बाटल्या धुवायला चौथी पास बायका घेणार होते. ते काम मिळालं, तरच मंजुळाबाईला कासारवाडीतली खोली ठेवता येणार होती.

तिचा नवरा ज्योतीराम आठ महिने क्षयाच्या दवाखान्यात होता. तिकडून दर महिन्याला कार्ड यायचं. कंपाउंडर लिहायचा. वर श्री, मग 'पेशंट ज्योतीराम याची प्रकृती ठीक आहे', आणि शेवटी निळ्या शाईचा अंगठा. ज्योतीराम घरी असतानाच ती वर्गाला जाऊ लागली, तेव्हा तो हसला होता. "चाळिशीत अक्षरं गिरवून काय मामलेदार व्हनार हायेस?"

या महिन्याचं कार्ड तीन आठवडे झाले तरी आलं नव्हतं.

दारात सायकल थांबली. नवाब पोस्टमन एरवी लांबूनच ओरडायचा, "वहिनी, ज्योतीरामभाऊंचा अंगठा आलाय." आज मात्र त्याने टोपी काढली, कार्ड पालथं धरलं आणि मंजुळाबाईला न देता सुमनताईंच्या हातात ठेवलं.

"मी वाचलेलं नाही," तो म्हणाला. "दुसऱ्याचं कार्ड मी वाचत नाही."

कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता.

मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात, त्यावर श्री घालत नाहीत आणि ते घरात नेत नाहीत, हे वस्तीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. सुमनताईंनी कार्ड जरासं उलटलं. वर श्री नव्हता. अक्षर कंपाउंडरचं नव्हतं, वेडंवाकडं होतं. खाली अंगठा नव्हता. त्यांनी पुढे वाचलं नाही.

समोरच्या ओट्यावरून सुभद्राबाईने हे पाहिलं. तिने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि जाळावर पाणी ओतलं.

"मंजुळाबाई, जरा ओट्यावर चला," सुमनताई म्हणाल्या.

मंजुळाबाई बाहेर आली. तिची नजर कोपऱ्यावर गेली, तशी ती खांबाला धरून खाली बसली.

"मी वाचू?"

"नगं. आजचा उतारा राह्यलाय न्हवं अजून. द्या इकडं."

सुभद्राबाई धावत आली आणि तिच्या पाठीशी बसून तिने तिचे खांदे धरले. नवाब सायकलच्या दांड्याकडे बघत उभा होता. मंजुळाबाईचं बोट अक्षरांखालून सरकू लागलं. दुसऱ्या ओळीवर थांबलं. परत पहिल्या ओळीवर आलं.

"बाई," ती म्हणाली, "निवेदक 'मी' हाय."

सुमनताईंना काही कळेना. "मोठ्याने वाचा."

मंजुळाबाईने पदराने डोळे पुसले आणि वर्गात वाचायची तसं एकेक शब्द सोडवत वाचलं, "'मंजुळे, मी आता बरा हाय. म्होरल्या शनवारी सोडनार हायेत. शेजारच्या खाटंवर एक मास्तर हायेत, त्यांनी तीन म्हैने अक्षरं शिकवली. तुला मुद्दाम सांगितलं न्हाई. वर श्री काढताना शाई सांडली, म्हनून तेवढा कोपरा फाडला.'"