पंचमीला अकराजणी

नागपंचमीच्या दुपारी भालकीतल्या लिंबालिंबाला झोके टांगले होते, आणि सुशीलाबाई कॉलेजच्या मैदानावर मुली मोजत होत्या. सात. पुन्हा मोजल्या, तरी सातच.

गुलबर्ग्याहून तपासणीला आलेले अच्युतराव साहेब मांडीवर यादी घेऊन खुर्चीत बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला जागणारा. "यादीत अकरा नावं आहेत, बाई. अकरा उभ्या दिसल्या तर मुलींचा फुटबॉल चालू राहील. नाहीतर मला 'बंद' लिहावं लागेल." बंद म्हणजे काय, ते बाईंना ठाऊक होतं. नऊ वर्षं मुलींना खेळ शिकवला, आता पुन्हा लायब्ररीत जाऊन कपाटांवरची धूळ झटका.

उरलेल्या चौघी वैशाखात उजवल्या गेल्या होत्या. कॉलेजातून दाखला न्यायला कुणी आलं नाही, म्हणून नावं तेवढी मागं राहिली. आणि म्हणूनच तर बाईंनी साहेबांना मुद्दाम हीच तारीख कळवली होती! प्रिन्सिपॉल हसले होते, सणाच्या दिवशी मैदानावर काळं कुत्रं तरी येईल का म्हणून. हसू देत. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला लेक माहेरी येते म्हणजे येतेच. चौघींच्या घरी निरोप गेले होते. पंचमीला जमीन खणत नाहीत, म्हणून गोलाचे बांबूसुद्धा बाईंनी आदल्या दिवशीच रोवून घेतले होते.

ऊन होतं आणि भुरभुरही होती. झोक्यांवरची गाणी मध्येच जवळ येत, मध्येच लांब जात. सगळं मैदानच कुणीतरी हलक्या हातानं झुलवतंय असं बाईंना वाटायला लागलं. तेवढ्यात फाटकातून हिरव्या इरकली लुगड्यातली निलम्मा आली. हातभर चुडा, कोपरापर्यंत मेंदी. तिच्या मागं आणखी दोघी. आपण जागे आहोत ना, म्हणून बाईंनी डोळे चोळले.

"झोक्याला जाताव म्हणून सांगून आलाव, बाई," निलम्मा म्हणाली. "आई म्हणायली, लई उंच घेऊ नको."

बाईंना हसू आवरेना. नव्या नवरीनं चुडा उतरवायचा नसतो, म्हणून त्यांनी तिघींच्या मनगटांना पट्ट्या गुंडाळल्या. लुगड्यांचे काष्टे घट्ट झाले. पायात चेंडू आला मात्र, निलम्माची पावलं आपोआप हलायला लागली.

अच्युतराव यादी घेऊन रेषेपाशी उभे राहिले आणि नावं घेऊ लागले.

"निलम्मा गुंडप्पा."

निलम्मा दचकली. तीन महिन्यांत तिला बापाच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मग ती एवढ्यानं "हजर!" म्हणाली की बाकीच्या पोरी खिदळल्या.

दहा नावं झाली. दहा हजर.

"जगदेवी शिवशरण."

निलम्मा खाली बघत म्हणाली, "तिला धाडलं न्हाई, बाई. तिचा भाऊ वीरण्णा दोन डाव आणायला गेलता. घरात काम हाय म्हणाले."

पहिली पंचमी, सख्खा भाऊ दारात, आणि पोरीला धाडत नाहीत! मैदानात वाऱ्यासारखी पळायची ती, आणि आता कुठल्या तरी चुलीपुढं बसली असेल. बाईंना राग आला, आणि रागाच्या मागोमाग रडू आलं. ते त्यांनी गिळलं.

"जगदेवी शिवशरण," साहेबांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. पेन्सिल त्या नावावर आडवी टेकली होती, खोडायच्या बेतात.

दहाजणी बाईंकडं बघत होत्या. बाई चुन्याच्या रेषेकडं बघत होत्या. त्यांच्या वेळी मुलींनी चेंडूला पाय लावायची सोयच नव्हती. पोलीस लाइनीतल्या शिपायांचा खेळ कुंपणातून बघून बघून त्या हे सगळं शिकल्या. कितीतरी मुलींना त्यांनी रेषेच्या आत पाठवलं. स्वतः कधी एक डाव खेळल्या नव्हत्या, आणि आता पन्नाशीला दोनच वर्षं उरली होती.

त्यांनी चपला काढल्या. पदर कमरेला खोचला. रेषा ओलांडताना भिजलेला चुना तळव्यांना गार लागला. भुरभुरीतून चालत त्या जगदेवीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

"हजर," त्या म्हणाल्या.

अच्युतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोर पांढऱ्या केसांची बाई अनवाणी उभी होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना दहा पोरी श्वास रोखून. झोक्यांवरचं गाणंही तेवढ्यात थांबलं होतं. मग साहेबांनी पेन्सिल उचलली आणि नावापुढच्या रकान्यावर नेली.

"वय लिहावं लागतं, बाई," ते हळूच म्हणाले. "किती लिहू?"

"एकोणीस लिहा," चेंडूवरची नजर न हलवता सुशीलाबाई म्हणाल्या. "आणि जरा बाजूला सरा साहेब, निलम्मा चेंडू माझ्याकडं मारायली."