नांगरलेलं अंगण

जीपमधून आलेल्या साहेबाचं किरण मोजायचं यंत्र रुद्राणीआक्काच्या अंगणात सारखं टकटकलं आणि नांगरलेल्या रानात मंदावलं.

“विषारी धूळ पडलीय, आक्का. सपाट जमिनीवर तिचे किरण थेट अंगावर येतात, रानात ते ढेकळांआड अडतात.”

“आमची जागा बळकावायची म्हणा की, पावणं!” आक्का फणकारली. तरी नात शांभवी तिथंच खेळायची, म्हणून साहेब गेल्यावर तिनं अंगण नांगरून घेतलं.

सकाळी अंगण पुन्हा सपाट!

“तुझाच उद्योग हा,” आक्का सुनेवर तुटून पडली.

“मी हातबी लावला न्हाय, आत्ती!”

आक्कानं परत नांगरून घेतलं आणि भर दुपारी ती उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. शांभवी अंगणाच्या मधोमध उभी होती. वारा नव्हता. फाटकापासून थेट शांभवीच्या पायांपर्यंत एकेक ढेकूळ, वरून कुणी दाबावं तसं, आपोआप सपाट होत आलं.

आता अंगणात उंच म्हणून एकटी शांभवीच उरली होती.