मूठभर सैल

डॉक्टर हात पसरून उभे होते आणि शिंपी त्यांच्या अंगावरच्या अर्धवट कोटाला टाचण्या लावत होता. कोट लेकीच्या लग्नासाठी होता, घाईचा होता. डॉक्टर दुकानात सापडले की फुकटचा सल्ला मागणारे कुठून कुठून उगवतात. शेजारचा इस्त्रीवाला केव्हाच दारात येऊन उभा होता.

"डॉक्टर, कान फार खाजतो. कोमट तेल घालू का?"

"काही घालू नकोस. तेल नाही, काडी नाही, बोट तर नाहीच."

"मग त्या कानाचं करू काय?"

"ऐकत जा त्याने. बायको खूश होईल."

कोपऱ्यात शर्टांना बटणं लावत बसलेली शिंप्याची बायको हसली. डॉक्टरांचं बोलणं असंच. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी फैलावर घेतलं होतं आणि शिंप्याला तर दर वेळी. जिभेचे चोचले बंद कर, जरा चालायला लाग, पुढच्या वेळी ते पोट घरी ठेवून ये. इतकी बोलणी खाऊनही शिंपी दवाखान्यातून यायचा तो शीळ घालतच. डॉक्टर रागावतात तोवर काळजीचं कारण नाही, असं नवरा-बायकोंनी कधीच ठरवून टाकलं होतं.

"कंबर वाढली हो तुमची," शिंपी टेप गळ्यात टाकत म्हणाला. "आणि माझी बघा!" त्याने स्वतःच्या पँटच्या कमरेत मूठ घातली. मूठ आरामात आत गेली आणि फिरलीसुद्धा. "ही दोनदा आत घेतली. टेबलावरची आज घेतोय. आता तरी शाबासकी द्या."

टेबलावर त्याची दुसरी पँट उलटी करून पसरली होती. कमरेवर खडूची नवी रेघ मारलेली, शेजारी कात्री.

"चालायला लागलास वाटतं," डॉक्टर म्हणाले.

"मग दुकान कोण बघणार?"

"गोड सोडलंस?"

"सोडतात कसले! कालच डबा चाटूनपुसून ठेवला," बायकोने चुगली केली. "तेवढं तोंड गोड करायचं आणि जेवण मात्र अर्ध्यावर टाकायचं. भूक नाही म्हणतात."

सुई हातात तशीच धरून ती वाट बघू लागली. आता नवऱ्याची चंपी होणार होती आणि तिला ती चुकवायची नव्हती.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांचे पसरलेले हात हळूहळू खाली आले.

"हात वर, डॉक्टर. टाचणी टोचेल."

"थांब जरा. इकडे ये, उजेडात."

त्यांनी शिंप्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग बोटं त्याच्या जबड्याखालून मानेवर, मानेवरून खाली फिरवली. शिंप्याला गुदगुल्या झाल्या, तो खिदळला. बोटं गळ्याच्या हाडापाशी, डाव्या बाजूला थांबली. पुढे गेली. आणि परत तिथेच आली.

बायकोने ते पाहिलं आणि हातातली सुई शर्टात खोचून ठेवली.

"उद्या सकाळी दवाखान्यात ये. उपाशीपोटी ये, तपासण्या करून घेऊ," डॉक्टर म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "वहिनी, तुम्हीही या."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी सोबत बोलावलं नव्हतं.

"कमाल आहे," शिंपी म्हणाला. "वाढलं तरी तक्रार, उतरलं तरी तक्रार!"

"आणि गोडाचं?" तिने घाईघाईने विचारलं. "गोड बंद ना, डॉक्टर?"

"खाऊ दे हो. आवडतं ना त्याला."

इतक्या मऊ आवाजात डॉक्टर बोलू शकतात हे तिला माहीत नव्हतं. मांडीवरचा शर्ट खाली घसरला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

"असं काय करता? रागवा ना त्यांना," ती म्हणाली. "रोजच्यासारखं रागवा ना."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"अरे गाढवा, अर्ध्या ताटावरून उठतोस? लाज नाही वाटत? उद्या वेळेवर आला नाहीस तर तंगडी मोडून हातात देईन!"

शब्द सगळे नेहमीचेच होते. पण बोलताना ते शिंप्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या त्या खडूच्या रेघेकडे बघत होते.

शिंप्याचा चेहरा मात्र खुलला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "काही झालेलं नाही मला."

"निघतो," म्हणत डॉक्टर दुकानाची पायरी उतरले. इस्त्रीवाला एकदम फिसकन हसला. डॉक्टर कोटासकटच निघाले होते. पांढरे कच्चे टाके, पाठभर टाचण्या, एका बाहीचा पत्ता नाही, आणि डॉक्टर आपले भर उन्हात खाली मान घालून चालले होते.

"अहो डॉक्टर, टाचण्या! टाचण्या!" शिंपी हसत हसत त्यांच्यामागे धावला. धावताना त्याने एका हाताने पँट कमरेशी घट्ट धरून ठेवली होती.

ती उठली. टेबलावरची पँट ओढून तिने ती खडूची रेघ तळहाताने पुसली. जाईना, तेव्हा थुंकी लावून पुसली. मग कात्री उचलली आणि जागेवर येऊन बसली.

शिंपी धापा टाकत परत आला. कोट हातावर, चेहऱ्यावर अजून हसू.

"माझी रेघ कुठे गेली? आणि कात्री गं?"

कात्री तिने मांडीखाली दाबून धरली होती.

"राहू दे ती पँट तशीच," ती म्हणाली. "पट्टा आवळा. भराल परत तेवढे."