काळ्या पाटीची गाडी

मागच्या दारावर हातभर लांब ओरखडा.

सीटच्या फटीत कुणाच्यातरी लग्नाच्या अक्षता.

बाबा, वेडेपणा करू नका.

संत्र्याच्या सालीचा वास, त्याखाली उदबत्तीचा, त्याखाली कसला ते न विचारलेलं बरं.

डाव्या हाताची बोटं, अजून अर्धवटच मिटणारी.

काळी पाटी, पिवळे आकडे.

"हा पोचा बुटीबोरीचा," धम्मदीप सांगत होता. "डिव्हायडर दिसला नाई म्हणे. हा वडनेरचा, बैलगाडीले घासली. पोट्टा म्हणे, बैलगाडीच अंगावर आली. आन् हा कोणाचा, त्याचा काई पत्ताच नाई."

सिंदी मेघेत त्याच्या घरामागच्या, प्लॉट पाडलेल्या मोकळ्या लेआऊटमध्ये गाडी उभी होती. धम्मदीप गाड्या किरायानं द्यायचा, ड्रायव्हरशिवाय. ज्याला पाहिजे त्यानं न्यावी, स्वतः चालवावी, आणून द्यावी. अशा गाडीची पाटी काळी. आता तो नव्या गाड्या घेणार होता, म्हणून ही विकायला काढली होती.

"काका, खोटं कायले सांगू. या गाडीले किती हात लागले, मले माहीत नाई. पण सर्व्हिसिंग एकदाही चुकलं नाई. गाडी बंद पडली तर माह्यं पोट बंद पडते. मिस्त्री आणा, इंजिन पाहून घ्या. पाटी पांढरी करायचं आरटीओचं काम माह्याकडे."

मिस्त्री कालच येऊन गेला होता. इंजिनाला त्यानं नावं ठेवली नव्हती. बाकी सगळ्याला ठेवली होती.

प्रभाकरराव काठी टेकत गाडीभोवती फिरत होते. एकेका पोच्यावरून उजवा हात फिरवत होते. त्यांची बायको पद्मा बाजूला उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ते कमी बोलत. पायावर उभे राहिल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते घरची गाडी विकायचं. दवाखान्यासाठी विकली, असं सगळे समजले. तसं नव्हतं, पण विचारायची सोय नव्हती.

सुमीतनं पुण्याहून सांगून पाहिलं होतं. "भाड्याची गाडी कुणी आपली समजून चालवत नाही, बाबा. खड्डा दिसला तरी ब्रेक मारत नाहीत. नवी घ्या, मी देतो." बाबांचं उत्तर दोन शब्दांचं होतं. "नवी नको." पुढे म्हणाले, "अन् चालवणार तुही आई."

ते ऐकून पद्माला आधी हुरूप आला, मग वाईट वाटलं. ड्रायव्हिंगच्या क्लासमध्ये शिकून तिनं लायसन्स काढलं, त्याला वर्षं लोटली होती. त्यानंतर स्टिअरिंगला हात नव्हता. आता एकदाची गाडी मिळणार, तर ती ही. म्हणजे आपल्या हातात चांगली गाडी द्यायला यांचं मन होतच नाही. तिनं ते मनातच ठेवलं.

"काकू, बसा न," धम्मदीपनं किल्ली पुढे केली. "तुमालेच चालवाची हाये."

ती बसली. प्रभाकरराव शेजारी बसले, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. लेआऊटला एक चक्कर झाली. तिच्या पाठीला घाम आला होता, पण चक्कर झाली.

"आता रिव्हर्स घे," ते म्हणाले.

तिनं घेतला. आरशात पाहिलं, तरी धम्मदीपच्या फाटकाचा खांब यायचा तिथेच आला. मागून पत्रा चेपल्याचा आवाज झाला.

पद्मानं डोळे मिटले. हा माणूस दार जोरात लागलं तरी वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असं ओरडायचा. ती वाट पाहत राहिली.

दार उघडलं. काठीचा आवाज मागे गेला. मग त्यांचा आवाज आला.

"अवं पद्मा, यातला तुहा पोचा कोणता, मले ओळखूच येऊन नाई राह्यला."

ती उतरून मागे गेली. तिलाही ओळखू येईना. जुन्यांच्या गर्दीत नवा कुठेतरी जाऊन बसला होता.

"मी म्हटलं, रागावता का काय," ती म्हणाली.

"काऊन रागावू? ज्यानं ज्यानं ही ठोकली, त्याचं भलं होवो." ते हसले. हसताना तोंडाची डावी बाजू अजून मागे राहायची, पण हसले. "अशीच पाहून राह्यलो होतो मी. जिले हात लावायले तुले भेव वाटू नये, अशी. चाल, बस. आखीन एकदा रिव्हर्स."

धम्मदीप लांबून म्हणाला, "काका, तो खांब माहा हाये बरं. त्याचंबी भलं होऊ द्या."

पद्मा हसत हसतच गाडीत बसली. बुटीबोरीचा तो कोण, वडनेरचा तो पोट्टा, पत्ता नसलेला तो तिसरा, सगळे तिला सोयरे वाटायला लागले. त्यांनी आधी धडकून ठेवलं नसतं, तर ती पुन्हा बसली असती का, देव जाणे.

गाडी घेतली. आता पद्मा त्यांना व्यायामाच्या उपचारांसाठी सेवाग्रामला स्वतः नेते. घरच्या फाटकातून निघताना गाडी अधूनमधून घासते. प्रभाकरराव खिडकीबाहेर पाहत राहतात.

ज्या सकाळी झटका येऊन ते न्हाणीघरात पडले, त्या सकाळी त्यांची नवी गाडी पोर्चमध्ये कव्हरखाली उभी होती, तिच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं, आणि पद्मा रस्त्यावर उभी राहून ऑटोची वाट पाहत होती.